पंपखोलीतल्या काकांना, जाहीर आभारपत्र

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव कशाला, काम झालं ना?" असं तुम्हीच म्हणाला होतात. आभार मानू नका असं मात्र म्हणाला नव्हतात, म्हणून ते चारचौघांत मानते आहे.

आमच्या पोहण्याच्या तलावाचा पंप सुरळीत चालू आहे. कर्कश आवाज गेला, पंप आणि मोटर यांच्या सांध्यातून टपकणारं पाणी थांबलं. तळाची फरशी काठावरून मोजता येईल इतका तलाव नितळ झाला आहे आणि मुलांचे वर्ग पुन्हा भरले आहेत. तरी हे पत्र मोटरीसाठी कमी आणि तुम्ही जाताना माझ्या हातात दिलेल्या त्या मार्करसाठी जास्त आहे.

त्याआधी तुमच्या अगोदर येऊन गेलेल्यांबद्दल थोडं बोलू द्या, राग अजून उतरलेला नाही. एकानं जळालेली मोटर काढली, "एक एचपी ना? मग एक एचपीच टाकतो," म्हणत दुसरी बसवली आणि गेला. ती मोटर थोडा वेळ चालायची, तापायची, आपोआप बंद पडायची आणि गार झाली की परत सुरू व्हायची. त्याला फोन केला तर दोष वीजपुरवठ्याचा. दुसरा आला, त्यानं कपॅसिटर बदलला. कपॅसिटर, म्हणजे मोटरीला सुरू व्हायला धक्का देणारा भाग, गेला की मोटर सहसा सुरू होतानाच अडते, नुसती गुणगुणत बसते. आमची एका झटक्यात सुरू व्हायची. म्हणजे जे बिघडलंच नव्हतं ते बदलून झालं. आणखी एक जण तर दारातूनच परतला. "मॅडम, अख्खा पंप बदला." का, असं विचारलं तर, "ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं."

काका, पाण्याला घाबरलेल्या माणसाला पाण्यात श्वास कसा सोडायचा हे समजावून सांगणं हा माझा रोजचा उद्योग आहे. समोरच्याला कळणार नाही असं पहिल्याच वाक्यात ठरवणाऱ्याचं मला नेहमी नवल वाटतं. आणि हे सगळे येत-जात होते तोवर इकडे पाणी हिरवं पडत होतं. पाणी फिरायचं थांबलं की नुसत्या क्लोरिनवर तलाव सांभाळणं कठीण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही आलात आणि पिशवीसुद्धा उघडली नाहीत. पहिला प्रश्न, "ह्याच्या आधीची मोटर कुठंय?" मी भंगारातली दाखवली. "ही दुसरी. मूळची, पंपासोबत आलेली कुठंय?" ती सामानाच्या खोलीत तरंगफळ्यांच्या ढिगाखाली निघाली. ओल्या फडक्यानं तुम्ही तिची प्लेट पुसलीत, टॉर्च समोरून न मारता कडेनं तिरपा धरलात आणि झिजलेले आकडे उठून दिसायला लागले. मूळच्या मोटरीवर एचपी 1, एसएफ (सर्व्हिस फॅक्टर, लिहिलेल्या एचपीच्या किती पट भार मोटर पेलते तो आकडा) 1.65. नंतर बसवलेलीवर एचपी 1, एसएफ 1.25. इतके दिवस ज्याच्या-त्याच्या तोंडी फक्त पहिला आकडा होता. दुसरा कोणी वाचलाच नव्हता.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुम्ही गुणाकार मांडलात. 1 गुणिले 1.65 म्हणजे 1.65, 1 गुणिले 1.25 म्हणजे 1.25. मोटर किती पेलणार ते ह्या गुणाकारावरून, म्हणजे एकूण एचपीवरून बघायचं. "पंपाला प्लेट वाचता येत नाही," तुम्ही म्हणालात, "इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, मागेल तेवढी ताकद तो ओढणार." बिचारी मोटर रोज झेपेल त्याच्या पलीकडे राबत होती, तापून बंद पडत होती, आणि आम्ही वीजपुरवठ्याला शिव्या देत होतो. खाली तुम्ही अजून एक ओळ लिहिलीत, 1.5 गुणिले 1.10 म्हणजे पुन्हा 1.65. दीड एचपीची म्हणून विकली जाणारी मोटर आणि आमची एक एचपीची मूळची मोटर, दोन्ही सारख्याच ताकदीच्या! एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर एक मोटर वाचली असती. मग सरळ दोन एचपीची टाकली तर पाणी जास्त येईल का, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. इम्पेलर तोच, फिरण्याचा वेग तोच, तर पाणीही तेवढंच येणार, असं नीट उत्तर दिलंत.

फ्रेमचा, म्हणजे मोटरीच्या मापाचा आणि बांधणीचा नंबर तर मला आता पाठच झालाय. 48वाय: चौकोनी फ्लँज (मोटर पंपाला जोडायची तबकडी), आट्यांचा शाफ्ट (फिरणारा दांडा). 56जे: गोल फ्लँज, शाफ्ट तोही आट्यांचाच. तो 48 म्हणजे काय, तर 16 नं भागायचं, 3 येतात, शाफ्टचा मध्य पायापासून 3 इंचांवर. 56 ला भागलं की साडेतीन. हे सांगताना तुम्ही एवढे खुलला होतात की मीही मग शाळेतल्यासारखे आकडे भागत बसले. व्होल्ट, हर्ट्झ, आरपीएम (मिनिटाला फेरे), सगळ्यावरून तुमचं बोट फिरलं. 60 हर्ट्झवर 3450च्या आसपास फिरणारी मोटर आणि 50 हर्ट्झवर 2850च्या आसपास फिरणारी, दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, हेही तेव्हाच कळलं.

सीलचं, म्हणजे शाफ्टवरून पाणी मोटरीकडे जाऊ न देणाऱ्या भागाचं, सांगायलाच हवं. मोटर बदलताना आधीच्यानं जुनंच सील परत चढवलं होतं, त्यातून पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगपर्यंत गेलं, ते गंजलं आणि किंचाळायला लागलं. "मोटर सुटली की सील नवीनच," एवढंच तुम्ही बोललात. नव्या सीलची सिरॅमिकची पांढरी रिंग तुम्ही स्वच्छ फडक्यात धरली होतीत. बघायला जमलेल्या पोरांतलं एक हात पुढे करायला लागलं तर, "नको रे बाळा, बोटाचा तेलकटपणाही हिला चालत नाही," म्हणत ती फडक्यातूनच त्याला सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलीत.

आणि ती उघडी तांब्याची वायर. मोटरीच्या मागे लोंबकळत होती, माझ्या नजरेला भंगार. तुमचा मात्र चेहरा पडला. "ही कुणी सोडली?" तलावाभोवतीचं सगळं धातूचं, म्हणजे शिडी, कठडे, पंपाची मोटर, ह्या वायरनं एकमेकांना बांधलेलं असतं, म्हणजे कुठे वीज उतरलीच तरी दोन वस्तूंमध्ये विजेच्या दाबाचा फरक पडत नाही आणि त्यांना एकदम शिवणाऱ्याला धक्का बसत नाही. केबलमधली अर्थिंगची वायर वेगळी, ही वेगळी. एक आहे म्हणून दुसरी सोडून चालत नाही. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे ओल्या अंगानं ती स्टीलची शिडी धरून रांगेत उभी राहणारी माझी पोरं येत होती. चुकीची मोटर बसवली, एक वेळ सोडून देईन. ही वायर काढून तशीच टाकून निघून जाणाऱ्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. नवी मोटर जागेवर बसल्याबरोबर तुम्ही आधी ती वायर तिच्या बॉडीला आवळलीत, ओढून पाहिलीत, आणि मगच बाकीची जोडणी हातात घेतलीत.

आता मार्कर. सगळं झालं होतं, क्लॅम्प मीटर लावून करंट प्लेटवरच्या आकड्याच्या आत आहे हे तुम्ही मला दाखवलं होतं, हात पुसून झाले होते. मग खिशातून काळा मार्कर काढलात, हलवलात आणि माझ्यापुढे धरलात. "कपाटाच्या दारावर आतून लिहा. अक्षर तुमचं असू द्या." तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले: फ्रेम, फ्लँज, शाफ्ट, एकूण एचपी, सीलचा नंबर, किती व्होल्टवर जोडली, आज किती अँपियर घेतले. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, तांब्याची वायर जोडल्याशिवाय मोटर सुरू करू नये. "पुढचा जो कोणी येईल त्यानं पान्याला हात लावायच्या आधी हे वाचायचं. नाही वाचलं तर बाहेरचा रस्ता दाखवा." तुमचा फोन नंबरही लिहिते म्हटलं तर, "ही मोटरची जागा आहे, माझी नाही."

त्याच क्षणी मला भरून आलं होतं, काका. तुमच्या नव्हे, माझ्या अक्षरात. म्हणजे पुढचा मिस्त्री आला तर तो मला विचारणार. पेशंटचा केसपेपर स्वतःकडे दाबून ठेवला की पेशंट दुसरीकडे जात नाही, हे धंद्याचं गणित तुम्हाला ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात आणि पुढचं काम दुसऱ्याला जाऊ शकेल अशी व्यवस्था स्वतःहून करून दिलीत. कमी-जास्त वेगाचा नवा पंप घ्यावा का, असंही मी विचारलं होतं. वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्शाच्या जवळपास येते, फायदा खरा आहे, पण हा पंप चांगला आहे, तो थकेल तेव्हा बघू, असं म्हणालात. विकायची संधी समोर असताना गिऱ्हाइकाला थांबवणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण त्यांनी केलेलं काम पुन्हा बिघडत नाही आणि त्यांची आठवण काढायची वेळच येत नाही. म्हणून मी मुद्दाम काढते आहे.

एक तक्रार तेवढी आहे. तुम्ही गेल्यावर बिल पाहिलं, त्यात मोटर आहे, सील आहे, पण मजुरी फक्त मोटरीची लावली आहे. सील बसवलं, वायर जोडली, मला भागाकार शिकवला, त्याचं काहीच नाही. ते पैसे पाकिटात घालून वेगळे ठेवले आहेत. फिल्टरचा व्हॉल्व्ह बॅकवॉशच्या (उलट्या पाण्यानं फिल्टर धुण्याच्या) बाजूनं जरा झिरपतोय, बहुधा आतलं गॅस्केट गेलं असावं. ते बघायला याल तेव्हा आधी पाकीट घ्यायचं, मग व्हॉल्व्ह उघडायचा.

आपली,
पोहायला शिकवणाऱ्या बाई