एसीवाला गुरुवारी येतोय

प्रिय आई-बाबा,

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. एसीवाल्याला मी गुरुवारी सकाळी बोलावलंय आणि पैसेही भरून टाकलेत. तुम्हाला विचारलं असतं तर "कशाला, मी बघतो की" म्हणाला असतात आणि आईला शिडी धरून उभं केलं असतंत. बायपासनंतर शिडी चढायची नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्यावर चिडून उपयोग नाही. शिवाय 1 जूनला हरिकेन सीझन सुरू होतो. एकदा टीव्हीवर वादळाचं नाव झळकलं की अख्ख्या टॅम्पात एसीवाला शोधून सापडत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. म्हणून मे महिन्यातच उरकून घेतेय.

तो फार पसारा घालणार नाही. बाहेरचं युनिट काँक्रीटच्या ओट्याला धरून ठेवणारे पट्टे आणि बोल्ट खाऱ्या हवेने गंजलेत, ते बदलेल. कॉइल धुवेल, पाण्याची ड्रेन लाइन साफ करेल आणि विजेच्या पॅनेलवर पूर्ण घराचा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यांपासून वाचवणारा) बसवेल. ओटा उंच करायचा का, एवढं मी त्याला फक्त बघून सांगायला सांगितलंय. 2024 मध्ये हेलिन वादळाचं पाणी ड्राइव्हवेवर थांबलं, दोन आठवड्यांत मिल्टन आलं तेव्हाही आपण वाचलो. पण दर वेळी पाणी तिथेच थांबेल असं नाही ना, बाबा? नको वाटलं तर नको, मी आग्रह करणार नाही. (थोडा करेन.)

सर्ज प्रोटेक्टर बसला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. वादळात वीज सारखी जाते-येते, आणि त्या झटक्यांत कॉम्प्रेसर जातो. म्हणून वारा वाढायच्या आधी घर नेहमीपेक्षा चांगलं गार करून घ्यायचं. मग आधी थर्मोस्टॅटवर एसी बंद, त्यानंतर पॅनेलमधले त्याचे ब्रेकर बंद. "एवढ्याने काय होतंय" नको. वीज परत आली तरी लगेच चालू करायचा नाही. आधी उजेडात बाहेर जाऊन युनिटवर फांदी पडलीय का, ते सरकलंय का, ते बघायचं. युनिटपर्यंत पाणी चढलेलं दिसलं तर एसीवाला तपासून जाईपर्यंत ब्रेकरला हात लावायचा नाही. सगळं ठीक असेल तर मात्र एसी चालू ठेवा, बिलाकडे बघत बसू नका. दमट बंद घरात एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि आईचा दमा तिची वाटच बघत असतो.

बेडरूमसाठी छोटा विंडो एसी पाठवलाय, 5000 बीटीयूचा. आपल्या जनरेटरवर सेंट्रल एसी चालणार नाही, हा चालेल, साधारण 500 वॉट घेतो. जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब ठेवायचा, धुराचं तोंड घराकडे नको. गॅरेजमध्ये तर दार उघडं ठेवूनही नाही. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बाबा, तुमचं नाक कितीही तिखट असलं तरी. त्याचा अलार्मही विंडो एसीच्याच खोक्यात आहे, पहिल्याच दिवशी लावा.

आता जे लिहायला इतका वेळ लावला ते. वादळामुळे आपल्या झोनला घर सोडून निघायला सांगितलं, किंवा वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही, तर रस्ते मोकळे आहेत हे बघून तुम्ही ऑर्लँडोला अविकाकाकडे जायचं. मी त्याच्याशी बोललेय आणि त्याने हो म्हटलंय. तुम्हाला घर सोडवत नाही हे मला कळतं. तुम्ही ते नीट सांभाळता, त्याबद्दल शंकाच नाही. पण मला वाऱ्यापेक्षा नंतरच्या उकाड्याची भीती वाटते. 2017 मध्ये इर्मा वादळानंतर आपल्या फ्लोरिडातल्याच हॉलिवुड गावातल्या एका नर्सिंग होममध्ये 12 माणसं गेली, आठवतं? इमारत शाबूत होती, दिवेही होते, फक्त एसीची वीज गेली होती. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. वय झालं की शरीराला उकाडा कळतो उशिरा, एवढंच. आणि आईचं चालू इन्सुलिनही 86 अंश फॅरनहाइटच्या वर राहायला नको.

काकाकडे खालची खोली तुमची, बाथरूम लागूनच आहे, जिना नाही. आई, तुझी उशी घेऊन जा, त्याच्या उशा दगडासारख्या आहेत. चहाचं सामान तो आणून ठेवतो म्हणाला, पण तुझं आलं तूच किसून ने. देव छोट्या डब्यात बसतात, मागच्या वेळी बसले होते.

2004 मध्ये फ्रान्सिस गेलं आणि तीन आठवड्यांत जीन आलं, तेव्हा रात्री तुम्ही सापशिडीचा पट घेऊन मला आणि दादाला वारा घालत होतात. मी झोपेचं सोंग घेतलं तरी तुमचा हात थांबला नव्हता. आई म्हणत होती, अहो पडा आता जरा. मी इथे शिकागोत बसून तसा वारा घालू शकत नाही, बाबा. मला जमतं ते करतेय, करू द्या.

गुरुवारी एसीवाल्याकडून एसीचे ब्रेकर दाखवून घ्या आणि त्यावर मार्करने मराठीत लिहा, म्हणजे आईलाही अंधारात शोधावे लागणार नाहीत. युनिटवरच्या मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो मला पाठवा, इन्शुरन्सच्या फाइलमध्ये ठेवते. तो दहाला येईल. त्याला कामात सूचना देत उभे राहू नका, ऊन असतं. आई, तू बाबांना आत बोलाव.

तुमची,
मनू

ता. क. गॅरेजमधली निळी ताडपत्री युनिटवर घातलीत तर ती फक्त एसी बंद असेपर्यंतच. ती काढल्याशिवाय ब्रेकर वर करायचे नाहीत.