उडायचं नंतर बघू, आधी स्वप्न आठवू दे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ल्युसिड ड्रीमिंगवर लेख आला तो वाचला, मराठी पेपरात यावर कोणीतरी लिहिलं याचाच खूप आनंद झाला. पण शेवटी जी चौकट होती, सात दिवसांत स्वप्नावर ताबा, आणि त्यात नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्याचं टार्गेट म्हणून आकाशात उडणं, हव्या त्या माणसाला भेटणं वगैरे दिलंय, ते वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मी साताऱ्यात दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते आणि या विषयाचा मला बऱ्याच वर्षांपासून नाद आहे, उशाशी स्वप्नांची वही असते. माझ्या बॅचमधली काही मुलं रील बघून हेच करतायत, पहाटे तीनचा अलार्म, मग साडेचारचा, आणि सकाळच्या क्लासला बेंचवर डोकं टेकलेलं. स्वप्न तर काही हाती लागत नाही, झोप मात्र जाते, म्हणून काळजी वाटते.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी, स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळणं की हे स्वप्न आहे, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. बस एवढंच. स्वप्न आपल्या मर्जीने फिरवणं हा पुढचा भाग झाला, तो जमलाच पाहिजे असं अजिबात नाही.

आणि हे थोतांड नाही हे आधी सांगते, कारण आमच्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं की काहीतरीच. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने अॅलन वॉर्स्ली नावाच्या माणसाला प्रयोगशाळेत झोपवलं. स्वप्नाच्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत, हातपाय सैल पडलेले असतात, स्नायू हलत नाहीत, पण डोळे हलतात. म्हणून ठरलं होतं की स्वप्नात भान आलं की डोळे ठरवून डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. वॉर्स्लीने ते केलं आणि मशीनच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. आता यात माझ्या मुद्द्याचं काय ते बघा. त्या माणसाचं स्वप्नातलं ध्येय काय होतं? उडणं नाही, समुद्राखाली जाणं नाही, फक्त डोळे डावीकडे-उजवीकडे. झोपायच्या आधी ठरवलेलं, छोटं, क्षणात होणारं काम. 2021 मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्या माणसांना स्वप्नातच आठ वजा सहा किती असे प्रश्न विचारले आणि काहींनी डोळे दोनदा फिरवून बरोबर उत्तर दिलं, पण तिथेही बरोबर उत्तर पाचातून साधारण एकदाच आलं आणि निम्म्याहून जास्त वेळा उत्तरच आलं नाही. प्रयोगशाळेत, शिकवून तयार केलेल्या माणसांचं हे असं, मग आपण घरी गादीवर झोपून सात दिवसांत काय काय करणार होतो?

मला विचाराल तर नवख्या माणसाचं पहिलं ध्येय स्वप्नात काय करायचं हे नसावंच, सकाळी उठल्यावर काय करायचं हे असावं. जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, मोबाईल तर मुळीच हातात घ्यायचा नाही, शेवटचं काय दिसत होतं ते धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं, मग वहीत लिहायचं. काहीच आठवलं नाही तर तारीख टाकून "आठवत नाही" एवढं तरी लिहायचं. हे सगळं आपल्या हातात आहे, भान येणं आपल्या हातात नाही, आणि जे आपल्या हातात नाही ते टार्गेट म्हणून ठेवलं की माणूस दहा दिवसांत वैतागून सोडून देतो. बहुतेक सकाळी एखादं तरी स्वप्न वहीत उतरतंय असं झालं की मगच पुढे जावं. ज्याला स्वप्नच आठवत नाही त्याला रात्री भान आलं होतं की नाही हे तरी कसं कळणार.

आणि यासाठी पूर्ण झोप लागते हो! झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं, आणि आरईएमचा भाग पहाटेकडे लांबत जातो, म्हणजे रात्री एकला झोपून सहाला उठणारा पोरगा नेमका स्वप्नांचाच भाग कापून टाकतो. त्यामुळे बारावीच्या मुलाचं खरं पहिलं ध्येय वेळेवर झोपणं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

वही भरत गेली की त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात तसंच. माझ्या वहीत एसटी स्टँड सारखं येतं. कोरेगावची पाटी लावलेली गाडी लागलेली असते, मी पिशवी उचलून परत बघते तर पाटीवर वडूज, आणि मला त्यात काही म्हणजे काही वावगं वाटत नाही, मी आपली चढते. स्वप्नात लिहिलेलं दुसऱ्यांदा वाचलं की बऱ्याचदा बदलतं, हे खूप जणांच्या अनुभवाचं आहे. म्हणून दुसरं ध्येय असं की दिवसा खऱ्या स्टँडवर गेलं की पाटी दोनदा वाचायची आणि मनापासून विचारायचं, आत्ता मी जागी आहे का, इथे कशी आले, कुठून आले. दिवसात थोडक्या वेळा, पण खरंच विचारायचं. रीलमध्ये हे स्वप्न आहे का ते तपासायला दर तासाला बोटं मोजायला सांगतात, ती मुलं बोलता बोलता मोजतात आणि विसरतात, असं मोजून स्वप्नातही तसंच मोजलं जातं आणि कळत काहीच नाही.

मग येतो झोपतानाचा संकल्प. लाबर्ज यांची पद्धत हीच आहे, आठवलेलं स्वप्न डोळ्यासमोर आणायचं, त्यात अमुक ठिकाणी मला कळलं असं बघायचं, आणि पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल, असं मनाशी घोळवत झोपायचं. आपल्याकडे म्हातारी माणसं पहाटे पाचला उठायचंय असं मनाशी म्हणून झोपायची आणि अलार्मशिवाय उठायची, ताकद तीच. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये अॅडलेडच्या संशोधकाने हा संकल्प, दिवसा विचारणं आणि पाच तास झोपून थोडा वेळ उठणं हे तिन्ही एकत्र करून बघितलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात जवळपास 17 टक्के वेळा यश आलं. म्हणजे सगळं नीट केलं तरी बहुतेक रात्री काही होत नाही, आणि ते नॉर्मल आहे! हे एक वाक्य तुमच्या चौकटीत असतं तर किती मुलांचा जीव भांड्यात पडला असता.

भान आलं की काय करायचं? एकच गोष्ट, आधी ठरवलेली. बहुतेक नवख्यांना कळतं आणि आनंदाच्या भरात लगेच जाग येते. त्यामुळे तळहात एकमेकांवर घासायचे, पायाखालची फरशी जाणवते का बघायचं, जवळची भिंत हाताने चाचपायची, थोडा वेळ तिथे टिकायचं एवढंच ध्येय. उडायचं वगैरे त्याच्यानंतर सावकाश. ज्यांना तेच तेच भयानक स्वप्न पडतं त्यांचं ध्येय वेगळं असू शकतं, त्यांना स्वप्नात हे कळलं की पळण्याऐवजी थांबता येतं, मागे वळून बघता येतं, परदेशात थेरपिस्ट यासाठी हे वापरतातही, आणि मला तर या विद्येचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. पण मोठा आघात झालेल्याने हे एकट्याने करू नये.

काहीजण म्हणतील आपल्या उपनिषदांत सगळं आहेच. मांडूक्य उपनिषदात जागृत, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप आणि या तिन्हींपलीकडची तुरीय अशा अवस्था आहेतच, तिबेटी बौद्धांचा स्वप्नयोगही आहे, पण तिथेही पहिली पायरी स्वप्नाला स्वप्न म्हणून ओळखणं हीच आहे, मौजमजा नाही.

अलार्म लावून मध्येच उठायचा प्रकार सुट्टीच्या आदल्या रात्रीच करावा, आणि परीक्षेच्या दिवसांत, नाईट शिफ्ट असताना किंवा गाडी चालवायची असताना नकोच. मध्येच उठून परत झोपलं की कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं, मुलं जाम घाबरतात. ते भूत नाही, डोकं जागं झालंय आणि स्नायू अजून आरईएममध्ये आहेत, थोड्या वेळात सुटतं. ज्यांना फिट येतात किंवा भास होण्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. आणि गॅलँटामिन नावाची गोळी ऑनलाईन सुचवली जाते, ती अल्झायमरची गोळी आहे, तिने असली स्वप्नं वाढतात असं अभ्यासात दिसलंय हे खरं, पण सोळा वर्षांच्या मुलाने ती मागवून घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, पालकांनी याकडे जरूर लक्ष द्यावं.

तुम्हाला विनंती एवढीच की या विषयावर पुढचा लेख झोपेच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि हेडिंगमध्ये दिवसांचा आकडा घालू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी छापलात तर बरं होईल, सुट्टीत मुलांना उशिरापर्यंत झोपता येतं आणि वही सुरू करायला तोच काळ चांगला.

आपली,
एक वाचक, सातारा