तानपुरा ४५० डॉलरचा, कागदावर ९० चा

मा. संपादक यांस, नमस्कार.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, आपल्या टपाल खात्याने तिकडचं बुकिंग थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला परत चालू केलं, हे सगळं पेपरात आलं. पण त्यानंतर आमच्या मिरजेत ऑनलाइन वाद्यं विकणाऱ्या पोरांचं काय चाललंय ते कुठं आलं नाही, म्हणून लिहितोय.

त्या आदेशात १०० डॉलरपर्यंतच्या गिफ्टची सूट तशीच ठेवली होती. झालं, तिकडच्या गिऱ्हाइकांचे मेसेज सुरू, "दादा बॉक्सवर गिफ्ट लिहाल का, किंमत जरा कमीच टाका." आणि आपली पोरं टाकतात, ऑर्डर जायला नको म्हणून!

ओळखीतल्या एकाने असाच ४५० डॉलरचा तानपुरा ९० डॉलरचं गिफ्ट म्हणून कुरियरने पाठवला. गिऱ्हाइकाने बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ पाठवला त्यात वरून खोका धडधाकट, आत भोपळ्याला दांडीपाशी ही मोठी चीर आणि तबली एका बाजूने उचकटलेली. कुरियरवाले म्हणाले पॅकिंग तुमचं, आणि दिलीच भरपाई तरी कागदावर ९० च आहेत. तिकडं गिऱ्हाइकाने कार्डाच्या बँकेकडे तक्रार (डिस्प्युट) टाकून पूर्ण ४५० परत घेतले. वाद्य गेलं, पैसे गेले, भाडं गेलं, आणि हा गडी खरं बिल दाखवून भांडूही शकत नाही कारण कस्टमला खोटं लिहिलेलं स्वतःच्याच सहीने.

किंमत खरी लिहिली की सगळं भरून मिळतं असंही नाही बरं का. विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाला माँट्रियल करार, म्हणजे भरपाई किती द्यायची ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार लागतो, त्यात डिसेंबर २०२४ पासून भरपाईची मर्यादा किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण तीन हजार रुपये. वजनावर, किमतीवर नाही. आता तानपुरा म्हणजे आतून पोकळ भोपळा, तो वजनात भरून भरून किती भरणार? जास्त हवं असेल तर बुकिंगलाच कुरियरकडे मालाची किंमत वेगळी जाहीर करून जादा पैसे भरायचे नाहीतर वेगळा ट्रान्झिट विमा काढायचा, आणि तोही काढताना फुटतूट त्यात धरलीय का ते बघून. माल फुटका निघाला तर १४ दिवसांत लेखी तक्रार जावी लागते आणि ती माल घेणाऱ्याने करायची असते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पैसे पेपॅल या ऑनलाइन सेवेतून आले की तिचं सेलर प्रोटेक्शन, म्हणजे विकणाऱ्याला संरक्षण, आहे म्हणून काहीजण निवांत असतात. ते गिऱ्हाइक "माल मिळालाच नाही" किंवा "हे पैसे मी दिलेच नाहीत" म्हणालं तर आहे, आणि माल ७५० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा असेल तर घेणाऱ्याची सही पण लागते, फुटक्या मालाला ते उपयोगाचं नाही. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचंही तसंच, ते गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर, रस्त्यात फुटलं तर नाही.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, चांगलंच झालं, पण जीआयने फुटलेला भोपळा सांधत नाही. माझं म्हणणं एवढंच की कुरियर असो नाहीतर पोस्टाचं डाक घर निर्यात केंद्र, बुकिंग करताना "विमा घेणार का" हे विचारलंच पाहिजे आणि नाही घेतला तर जास्तीत जास्त किती मिळणार ते पावतीवर मराठीत, ठळक अक्षरात छापलं पाहिजे. आत्ता ते मागच्या बाजूला इंग्रजीत असतं, भिंग घेऊन वाचावं लागतं. आणि सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्राने ऑनलाइन विकणाऱ्यांना, वाद्यवाल्यांना आणि हळद-बेदाण्याच्या पोरांनाही, एक अर्धा दिवस बसवून कस्टमचा फॉर्म खरा कसा भरायचा आणि क्लेम कसा टाकायचा एवढं जरी शिकवलं तरी पुष्कळ होईल, हॉल आम्ही बघतो.

आपला,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)