हायब्रीड घेतेस तर एवढं बघून घे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

टोयोटाची प्रियसच घ्यायची असं तुझं जवळपास ठरलंय, म्हणजे हायब्रीड, पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. का, असं विचारलं तर "सगळे तीच घेतात" म्हणालीस, तेही जरा चाचरतच. चाचरायचं कारण नाही. यंत्राच्या बाबतीत खप हा मोठा गुण असतो. ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली, २००० पासून इतर देशांत गेली आणि आतापर्यंत तिच्या पाच पिढ्या झाल्या. इतक्या लोकांनी ती इतकी वर्षं पळवली आहे की तिचं काय बिघडतं आणि कधी बिघडतं हे चांगल्या मेकॅनिकला तोंडपाठ असतं. कमी खपाच्या गाडीतले दोष शोधण्याचा खर्च मालकाला भरावा लागतो, हिच्यासाठी तो इतरांनी भरून झालाय. मात्र ते दोष तुला ठाऊक हवेत, नाहीतर खपाचा तुला काहीच उपयोग नाही.

आधी पेट्रोलचा हिशेब बघू. ॲव्हरेजचे आकडे फसवे असतात. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी सोडून १५ देणारी घेतली, तर वर्षाच्या १५,००० किलोमीटरमागे ५०० लिटर वाचतात. २० ची सोडून २५ ची घेतली, तर फरक पाचाचाच दिसतो, पण वाचतात फक्त १५० लिटर. म्हणून हायब्रीडसाठी जास्तीचे पैसे मोजायचे की नाही हे ठरवताना एकच प्रश्न विचार : ही नाही तर कोणती घेतली असती? मोठी, पेट्रोल पिणारी गाडी मनात असेल तर पैसे लवकर वसूल होतील. छोटी, मुळातच कमी पिणारी असेल तर खूप वर्षं थांबावं लागेल.

रस्ता कसला आहे हेही तितकंच महत्त्वाचं. हायब्रीड खरी कमावते ती थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत. ब्रेक दाबला की मोटरच जनरेटरचं काम करते आणि एरवी ब्रेक पॅड तापवण्यात वाया जाणारी शक्ती बॅटरीत जाते. मोकळ्या हायवेवर ब्रेक लागतच नाही, मग परत मिळणार काय? तुझं रोजचं जाणं सिग्नल ते सिग्नल आहे, तेव्हा हायब्रीड घेण्याचा विचार मला पटतो. फक्त दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांवर जाहिरातीतलं ॲव्हरेज शोधू नकोस. गार इंजिन गरम होईपर्यंत चालूच राहतं. थंडीत हीटर लावला की ते मधूनमधून त्यासाठीही सुरू होतं.

मला या गाडीत सगळ्यात आवडतो तो तिचा गिअरबॉक्स, आणि तो समजून घेतलास तर गाडीची भीती जाईल. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून एक दातेरी कडं. मधलं चाक एका मोटरला जोडलेलं, छोट्या चाकांची चौकट इंजिनला, आणि बाहेरच्या कड्यातून ताकद गाडीच्या चाकांकडे जाते. त्याच वाटेवर दुसरी मोटर बसवलेली असते. पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांच्यातलं प्रमाण बदलतं. गिअर पडणं, झटका बसणं हा प्रकारच नाही. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, म्हणजे झिजणाऱ्या वस्तूच कमी. टेस्ट ड्राइव्हला ॲक्सिलरेटर जोरात दाबलास तर इंजिन एकाच सुरात ओरडत राहील. ते या रचनेमुळे होतं, तो बिघाड नाही.

हायब्रीड म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या अशा नसतात, एवढं लक्षात ठेव. होंडाच्या सध्याच्या पद्धतीत इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करतं आणि हायवेच्या वेगाला क्लच लागून थेट चाकांना जोडलं जातं. ह्युंदाईच्या पुष्कळ हायब्रीड गाड्यांत नेहमीचाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. दोन्ही चालवून बघ. माइल्ड हायब्रीड मात्र सोडून दे. त्यातली मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. प्लग-इन, म्हणजे बाहेरून वीज लावून चार्ज करायची हायब्रीड, घ्यायची तर रात्री चार्जिंगची सोय हक्काची हवी. ती नसेल तर जड बॅटरीचं ओझं नुसतंच वाहत बसशील.

सेकंडहँड घेणार असशील तर पिढी बघून घे. २००९ पासून आलेली तिसरी पिढी बाजारात भरपूर दिसते, आणि मला काळजी तिचीच वाटते. तिच्यात धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा असते, तिला ईजीआर म्हणतात. तिच्या कूलरमध्ये काजळी साचते, वाट तुंबते आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जायची वेळ येते. ते काम फार खर्चाचं आहे. ईजीआर कधी साफ केला आणि त्याची पावती आहे का, हे मालकाला स्पष्ट विचार. याच पिढीतल्या सुमारे १९ लाख गाड्या टोयोटाने २०१४ मध्ये इन्व्हर्टरशी (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या भागाशी) संबंधित सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय की नाही हे चासी नंबरवरून कळतं. चौथ्या पिढीची चांगली गाडी बजेटमध्ये बसत असेल तर मी तीच घे म्हणेन.

बॅटरीची लोकांना जितकी धास्ती असते तितकी गरज नाही, पण तपासणी हवीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या बॅटरीत २८ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एकामागे एक जोडलेली असतात; त्यातलं एक कमजोर झालं तरी अख्खी बॅटरी तक्रार करते. मग काही जण तेवढं एकच मॉड्यूल बदलतात, डॅशबोर्डवरचा दिवा घालवतात आणि गाडी विकायला काढतात. बाकीची सत्तावीस तितकीच म्हातारी असतात, ती एकेक करून मान टाकतात. म्हणून बॅटरीचं काम झालं असेल तर पूर्ण संच बदलला की एकच तुकडा, हे बिलावर बघ. मागच्या सीटच्या बाजूला एक छोटी जाळी असते, तिच्यातून बॅटरी थंड ठेवणारी हवा आत जाते. खाली वाकून मोबाइलच्या उजेडात ती बघ. धूळ आणि कुत्र्या-मांजराचे केस यांचा थर दिसला तर ती बॅटरी उन्हाळ्यात किती तापली असेल याची कल्पना येईल. गाडी पुष्कळ महिने नुसती उभी होती असं कळलं तरी सावध राहा.

एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि बरेच जण घाबरून थेट मोठ्या खर्चाच्या तयारीला लागतात. आधी ती तपासायची. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जाण्याचं प्रमाणही या गाड्यांत जास्त आहे, त्यामुळे रात्री गाडी कुठे लावणार ते आत्ताच ठरव.

गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन गारच हवं, असं मालकाला आधी फोन करून सांग. गरम करून ठेवली असेल तर परत ये, दुसऱ्या दिवशी जा. गार इंजिन सुरू होताना खडखडलं, गाडी थरथरली किंवा कूलंटची पातळी खाली दिसली, तर पुढचं बोलणंच नको. सगळं ठीक वाटलं तर हायब्रीड जाणणाऱ्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घे. बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे मॉड्यूलच्या गटाचं, व्होल्टेज त्यात दिसतं. गाडी चढावर चालवत असतानाचे आकडे माग, उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतात. त्या पानाचा फोटो मला पाठव, मी बघून सांगते. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझी आई