सूचना : शेतकरी आज्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपण घणसोली गावात जमणार आहोत. भातशेती केलेल्या आज्या, आत्या, काकूंच्या आठवणी त्या दिवशी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. घरात अशी कुणी असेल तर तिला घेऊन या. चालवत नसेल तर कळवा, आपणच घरी जाऊ.

१९७० मध्ये सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात ५ शेतकरी हुतात्मा झाले, हे आपण दरवर्षी स्मरतो आणि स्मरायलाच हवे. पण त्या शेतांत वाकून लावणी करणाऱ्या बायका कागदोपत्री फार कमी सापडतात, कारण सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. मोबदल्याच्या कागदावरही तेच. हे मला फार खुपते.

म्हणून विचारायचे ते बारकाईने विचारा. राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जमीन) कसा भाजायचा, खाऱ्या जमिनीत कुठला भात टिकायचा, उधाणाला बांध फुटला की कोण धावायचे, मजुरी धान्यात मिळायची की पैशात, लावणीच्या दिवसांत तान्हे मूल कुठे ठेवायचे. लग्नातले धवले येत असतील तर तेही गाऊन घ्या. त्या आगरी बोलीत बोलतील, कृपया मध्येच शुद्ध करू नका.

जुनी इरली, विळे, फोटोही आणा. ध्वनिमुद्रण करण्याआधी प्रत्येकीची परवानगी घ्या. येणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत गटावर नाव कळवावे.