हर्णैचा लिलाव आणि आपले ग्रुप

संपादक महोदय,

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून नागपूरकरांचे शनिवार-रविवारचे ग्रुप थेट कोकणात उतरू लागले आहेत. आनंदच आहे. (निम्मी सुट्टी गाडीतच जाते, हे कोणी बोलत नाही!) पण दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर आपली मंडळी वागतात कशी, ते बघून मान खाली जाते.

तिथे होड्या खोल पाण्यात थांबतात आणि मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते. वाळूतच लिलाव सुरू होतो. बोली काही क्षणांत संपते, बर्फ वितळत असतो, कोळणींना टोपल्या उचलायच्या असतात. नेमके त्याच वाटेत आपले वीस-पंचवीस जण सेल्फीला उभे! न विचारता बायकांचे फोटो काढायचे, वर नाकाला रुमाल. आणि पापलेट स्वस्त मिळाले म्हणून बोटाएवढी पिल्ले घ्यायची, तीही २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झालेल्या माशाची.

सहल नेणाऱ्यांनी बसमध्येच चार सूचना द्याव्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताज्या मासळी’च्या जाहिराती करू नयेत. शिवाय भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांवर आपले ढिवर (मासेमार) बांधव जाळी टाकतात. एखादी सहल तिकडेही काढावी. रोहू-कतला खाणाऱ्या नागपूरकराने तो तलाव पाहिलेलाच नसतो.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर