मकरवृत्तावरच्या तात्यांना

ताते,

हे पत्र तुमच्या हाती पडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. वडीलधाऱ्या माणसाला ‘ताते’ म्हणायचं, एवढं नामिबियात आल्यावर विंडहुकच्या एका दुकानदाराने शिकवलं होतं. आमच्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि तुमचे तात्या करून टाकले. घरात अजूनही तुम्ही तात्याच आहात.

दिवाळीची सुट्टी होती. सॉलिटेअरहून वॉल्विस बेकडे निघालो होतो, सी-14 या मुरुमाच्या रस्त्यावरून. मकरवृत्ताच्या पाटीपाशी फोटो काढले (येणाऱ्याजाणाऱ्यांनी स्टिकर चिकटवून पाटी पार झाकून टाकली आहे) आणि दहा मिनिटांत गाडी डावीकडे ओढायला लागली. पुढच्या चाकाच्या चिंध्या. स्टेपनी दोन होत्या, पण जॅक वर घ्यायला जावं तर तो मुरुमात रुतत जायचा. छपरावर तंबू, आत शिधा नि पाण्याचे कॅन, शिवाय मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासात एकही गाडी दिसली नाही. धाकटीने पाण्याची बाटली तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

मग तुमची बक्की, म्हणजे पिकअप गाडी आली, मागे कुंपणाचे खांब भरलेली. तुम्ही उतरलात आणि काही न बोलता एक फळी काढून जॅकखाली सरकवलीत. बस, एवढंच! वीस मिनिटांत चाक बदलून झालं.

खरं शिक्षण त्यानंतरचं. तुम्ही टायरवर तळहाताने थापटी मारलीत आणि मान हलवलीत. डांबरी रस्त्याची हवा भरून आम्ही मुरुमावर धावत होतो. किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून तुम्ही चारही चाकांची हवा 36 वरून 26 वर आणलीत. रस्त्यावरच्या त्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांवर गाडी तोपर्यंत खिळखिळी व्हायची, ती नंतर निम्म्याने शांत झाली. वेग 60, आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, दिव्यांच्या उजेडात कुडू हरीण आडवं येतं, हेही तुम्हीच बजावलंत.

आम्ही भारतातले आहोत कळल्यावर तुम्ही विचारलंत, “आमचे चित्ते बरे आहेत ना?” 2022 च्या सप्टेंबरात तुमच्याकडून आठ चित्ते कुनोला आले होते. काही दगावले, पण पिल्लंही झाली, असं थोरल्याने सांगितलं. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मला उगाच अपराधी वाटलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. सासूबाईंनी हातात कोंबलेल्या चकल्या मात्र घेतल्यात. एक तोंडात, बाकीच्या शर्टाच्या खिशात. निघताना म्हणालात, एटोशाच्या राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांच्या मागे पळू नका, पाण्याकाठी बसून राहा.

ऐकलं तुमचं. तिथल्या ओकाउकुएयोच्या कॅम्पातल्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. मुलं ‘चला ना’ करत होती, तरी अकरापर्यंत बसलो. एक काळा गेंडा पिल्लाला घेऊन आला. इतकी शांतता, की तो पाणी ओढतोय ते ऐकू येत होतं. मग हत्ती आले, आणि त्या बाईने, म्हणजे गेंडीणच ती, हत्तीला सरळ अंगावर घेतलं. सासूबाईंनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ सकाळपर्यंत होते. त्यांच्या एकाहत्तर वर्षांत त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं, आणि आम्ही तरी कुठे पाहिलं होतं!

पुढे कॅप्रिव्ही पट्ट्यात, डांबरी रस्त्याच्या कडेला ‘हत्तींपासून सावध’च्या पाट्या बघत बोट्सवाना गाठलं. सीमेवर औषधाच्या ओल्या चटईवर बूट पुसायला लावले, गुरांचा लाळ्याखुरकूत पसरू नये म्हणून. व्हिक्टोरिया धबधब्याचं फार सांगण्यासारखं नाही, त्या दिवसांत झांबियाच्या बाजूला नुसता कातळ उरतो. बोट्सवानातल्या चोबेच्या जंगलात मात्र आणखी एकदा चाक गेलं. वाळूत, दुपारी. या वेळी फळी होती. तुमचीच, तुम्ही ती जॅकखालून काढून आमच्या गाडीत टाकली होतीत.

तिथल्याच कसाने गावी भाड्याची गाडी परत दिली, तेव्हा तपासणाऱ्या पोऱ्याने ती फळी कचरा समजून बाहेर काढली. सासूबाई चक्क मराठीत ओरडल्या, “अरे ठेव, तात्यांची आहे ती!” त्याला काय कळलं देव जाणे. त्याने फळी झटकली आणि पुन्हा जॅकशेजारी ठेवून दिली.

तांगी उनेने, ताते. खूप खूप आभार.

तुमची,
नाशिकची पाच माणसं